अण्णा चौथ्यांदा उभे राहतात

अण्णा पहिल्यांदा आमदारकीला पडले ते मला आठवत नाही. दुसऱ्यांदा पडले ते आठवतं, कारण त्या दिवशी आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. "पडल्यावर पोळ्या कशाच्या गं?" असं शेजारणीनं विचारलं, तर आई म्हणाली, "दीड महिना गावगन्ना माणसं जेवून गेली. आज घरचीच चार ताटं हायत, म्हणून." तिसऱ्यांदा अण्णा लगेच दोन वर्षांनी पडले. मुंबईतलं सरकार गेलं, मुदतीच्या आधीच निवडणूक लागली आणि अण्णा मागच्याच टोपीला नीळ देऊन पुन्हा निघाले. चौथ्या वेळची गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितली नाही. गावातल्या पन्नास बायकांना तिच्यातला थोडा थोडा भाग ठाऊक होता, अख्खी फक्त मला. आता गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, आणि ज्या माणसापासून ती लपवायची ते माणूसही राहिलं नाही. तेव्हा लिहून टाकते. वाचताना तेव्हाच्या त्या पोरीचं, म्हणजे माझं, हसू आलं तर खुशाल हसा. मी रोज हसते.

अण्णा म्हणजे माझे वडील. अठरा एकर कोरडवाहू जमीन, दोन बैल आणि गावच्या सोसायटीची सेक्रेटरीची नोकरी, एवढ्यावर आमचं बरं चाललं होतं. पण पुढं सोसायटी, दूध संघ, बँक आणि साखर कारखाना असं सगळं एकाच अंगणात जाऊन बसायला लागलं, तसं अण्णांनी ती नोकरी सोडली आणि एका लहानशा पक्षात गेले. पक्ष किती लहान? जिल्ह्यातली सगळी माणसं एका जीपमध्ये मावायची, आणि जीप ढकलायची वेळ आली की कमी पडायची. आमच्या मतदारसंघात खरी लढत दोघांचीच. एक कारखान्याचा आत्ताचा चेअरमन, दुसरा त्याच कारखान्याचा माजी चेअरमन. एका निवडणुकीत जो सत्तेतल्या पक्षाकडून असायचा तो पुढच्या निवडणुकीत विरोधातल्या पक्षाकडून दिसायचा. भाषणं तेवढी आपसांत बदलून घेतली की काम भागायचं. तिसरे आमचे अण्णा. निशाणी शिडी. म्हणणं एकच, चारही वेळा तेच: तलावातलं पाणी आधी माणसाला द्या, मग जनावराला, आणि उरलं तर उसाला. लोक मान डोलवायचे. "अण्णा, तुमचं अगदी खरं हाय," म्हणायचे, आमच्या घरचा चहा प्यायचे आणि मत कारखान्याला टाकायचे. ज्यांना मनापासून पटायचं ती माणसं मतदानाला गावात नसायचीच. दिवाळी झाली की ती कोयते घेऊन लांबच्या मुलखात ऊस तोडायला जायची, ती उन्हाळ्यात परतायची. निवडणूक नेमकी मधेच यायची.

निवडणूक आली की आमच्या घराचा आवाज बदलायचा. एरवी आमच्याकडं पहाटे जातं, मग कोंबड्या, मग आईचा खोकला, असा क्रम होता. निवडणुकीत सगळ्यांच्या आधी भोंगा जागा व्हायचा. त्याची बॅटरी आमच्या पडवीत चार्जिंगला लावलेली असायची आणि कुणीतरी उत्साही माणूस पहाटेच "हॅलो, हॅलो" करून बघायचा. खरी शिडी जीपच्या टपावर बांधून अण्णा गावोगाव न्यायचे. युसूफवडगावच्या बाजारात एकदा एका माणसानं ती घर शेकारायला मागून नेली आणि प्रचार दोन तास थांबला. अण्णा तिथंच बाभळीखाली बसून राहिले, म्हणाले, "आपली शिडी कुणाच्या तरी कामाला आली, हे काय कमी हाय?" जेवणाचं म्हणाल तर दुष्काळात जेवण ते काय असणार! भाकरी, कोरडं पिठलं, ठेचा, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून भरडायचे, पातळ शिजवायचे, वर लसणाची फोडणी. एका पातेल्यात वीस माणसं भागायची आणि एकविसावा आला तर तांब्याभर पाणी वाढवायचं. मला अजूनही भाजक्या हुलग्याचा वास आला की कुणीतरी "माता-भगिनींनो" म्हणेल असं वाटतं.

चौथ्या वेळेला अण्णा थकले होते, हे आज कळतं. तेव्हा मला ते थकलेले दिसले नाहीत. फार तर माझ्याइतके तडफदार नाहीत असं वाटलं. त्यांचा आवाज बसलेला असायचा. पायातल्या वहाणा काढताना ते भिंतीला हात टेकायचे आणि काढून झाल्यावरही तो हात तिथंच राहायचा. सलग तिसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली, विहिरी कोरड्या. आणि अशा वर्षी एका संध्याकाळी ते चुलीपाशी येऊन आईला म्हणाले, "बीडला जाऊन आलो. पक्षाचं म्हणणं, मीच उभं राहावं."

आई भाकरी थापत होती. ती थांबली नाही. "मागच्या वेळी शेवटचं म्हणला होतात."

"या वेळी खरंच शेवटचं."

"असं न्हाई. तुमचं शेवटचं मला म्हाईत हाय. नीट ठरवून सांगा. काय झालं तर शेवटचं, अन् काय झालं तर न्हाई?"

अण्णा पाटावर बसले. चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाले, "निवडून येणार न्हाई, ते मला बी कळतंय. पर तीनदा उभा राहिलो अन् आपल्याच गावात मी एकदा बी पुढं न्हाई. या वेळी गावात सगळ्यांच्या पुढं निघालो न्हाई, तर पुन्हा कधी अर्ज भरणार न्हाई."

"अन् निघालात तर?"

"तर भरीन."

"तर भरा," आई म्हणाली. "मी काही बोलायची न्हाई. पुन्हा दीड महिना भाकरी बडवीन. पर शब्द म्हंजे शब्द. तुमच्याकडनं बी, माझ्याकडनं बी."

आईचं हे असं होतं. तिला निवडणूक नको होती, पण लबाडीनं टळलेली निवडणूकही नको होती. वाण्याकडून उसन्या आणलेल्या वाटीभर तेलापेक्षा चमचाभर जास्तच ती परत करायची. मी हे सगळं उंबऱ्यात बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, काळजी करू नका अण्णा, मी आहे ना.

मी! वय वीस. अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वसतिगृहाला पाणी नाही म्हणून सुट्टी दिलेली. दोन वक्तृत्व स्पर्धांत उत्तेजनार्थ बक्षीस, म्हणजे पहिल्या तीन जणांत कुणी घेतलं नाही म्हणून दिलेलं. खांद्यावर शबनम, तिच्यात एक वही, आणि वहीत पहिल्या पानावर 'जनतेचा कौल' असा मथळा टाकून पुढं काही सुचलेलं नाही. मत द्यायला तेव्हा एकवीस पूर्ण लागायची. मला चार महिने कमी होते. म्हणजे ज्या निवडणुकीत मला स्वतःला मत नव्हतं, त्या निवडणुकीत गावाची मतं कशी वळवायची याची मी एकटी जाणकार होते.

गावात त्या वेळी बाप्ये असे थोडेच उरले होते. म्हातारे, पोरं आणि बाया. बाया गावाबाहेरच्या माळावर रोजगार हमीच्या कामाला जायच्या. पाझर तलावाचं काम, माती टाकायची आणि खडी फोडायची. सकाळपासून हातोड्यांचा आवाज गावापर्यंत यायचा, टिक टिक टिक, जणू माळावर शंभर घड्याळं ठेवलीत आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. अण्णा तिथं एकदाच गेले. त्यांची सभा म्हणजे दहा मिनिटं. पाण्याचं बोलले, मग म्हणाले, "कुणाला मत टाकायचं ते तुमचं तुमी ठरवा. आत खोलीत जाऊन मारायचं असतं, कुणाला दिसत न्हाई. दोन ठिकाणी शिक्का मारला तर मत बाद होतं, तेवढं ध्यानात ठेवा." आणि निघाले. मला इतकी चीड आली! अशानं का मतं मिळतात? चेअरमनची माणसं शेजारच्या गावांत बेल-भंडारा उचलायला लावत होती. म्हणजे देवळात जायचं, ओंजळीत भंडारा घ्यायचा, त्यावर बेलाचं पान, आणि खंडोबाकडं तोंड करून अमक्यालाच मत देईन अशी शपथ घ्यायची. एकदा उचलला की माणूस बांधला गेला. अण्णांनी आयुष्यात कधी हे केलं नव्हतं. "भीती घालून मत घ्यायचं तर मग चेअरमनमधी अन् माझ्यात फरक काय राहिला?" असं ते म्हणायचे. मला वाटलं, फरक एवढाच की चेअरमन निवडून येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी देवघरातला भंडाऱ्याचा डबा पदराखाली घेऊन माळावर गेले. तिथंच कडेला खंडोबाचं ठाणं होतं, शेंदूर लावलेला दगड आणि वर पत्रा. बाया भाकरी सोडून बसल्या होत्या. त्यांच्यात रखमाकाकू मोठी; तिचं ऐकल्याशिवाय तिथं कुणी टोपलीही उचलत नसे. मी उंच दगडावर चढून भाषण केलं. काय बोलले ते सगळं आठवत नाही, देवाची कृपाच म्हणायची. 'क्रांतीची ठिणगी' एवढं आठवतं. त्या बिचाऱ्या चावायच्या थांबल्या होत्या. मग मी डबा काढला.

रखमाकाकूनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "अण्णांनी सांगितलंय व्हय असं?"

"त्यांनीच पाठवलंय," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले, की मला स्वतःलाच ते खरं वाटलं.

"बरं," रखमाकाकू म्हणाली. पण लगेच उठली नाही. भाकरीचा उरलेला तुकडा तिनं फडक्यात बांधला, हात झटकले, मग उठली. तिच्यामागं बाकीच्या उठल्या. एकेक जण येऊन ओंजळ पुढं करायची, मी चिमटीनं भंडारा घालायची आणि वर पान ठेवायची. शपथ मीच सांगत होते, आणि भाषणाच्या भरात 'या निवडणुकीत' एवढंच न म्हणता 'आता आणि पुढं कायम' असंही घालून दिलं. किती दूरचं बघत होते मी!

एकटी सुगंधाबाई जागची हलली नाही. बौद्ध वस्तीवरची, अंगानं किडकिडीत, तोंडानं फटकळ. "ये की सुगंधाबाई," मी म्हणाले.

"मी न्हाई उचलीत. आमी धर्म बदलला तवा घरात देव ठेवले न्हाईत, आता तुज्यासाठी दगडापुढं जाऊ का? अन् मत सांगून टाकायचं असतं व्हय गं? तुजा बाप तर काल येगळंच सांगून ग्येला."

"मग नुसता शब्द द्या."

"शब्द बी न्हाई. घरला जा पोरी, उनानं डोस्कं तापलंय तुजं."

मी वहीत तिच्या नावापुढं फुली मारली. वस्तीवरची मतं गेली, असं समजले. आणि घरी येताना त्या रिकाम्या माळावरून अशी चालत आले, की मागून कुणी पाहिलं असतं तर आमदार मीच झाले असं वाटलं असतं.

मतदान झालं. दोन दिवसांनी तालुक्याला मोजणी होती. अण्णा पहाटेच्या एस.टी.नं गेले आणि दिवस मावळायला फाट्यावरून चालत परत आले. आईनं पाय धुवायला अर्धा तांब्या पाणी दिलं. त्या वर्षी अर्धा तांब्या म्हणजे पाहुणचार होता. अण्णांनी त्यातलं निम्मं पायांवर घेतलं आणि निम्मं तिथल्या तुळशीला घातलं.

"चेअरमन आले," ते म्हणाले. "आपलं नेहमीचंच."

"अन् गावात?" आईनं विचारलं.

"गावात बी चेअरमनच पुढं. मी चौतीस मतांनी मागं." मग थोडं थांबून म्हणाले, "एक मात्र इचित्र झालं. आपल्या गावची पेटी उघडली तर त्यात एक्केचाळीस मतं बाद. दरेकावर दोन शिक्के. एक चेअरमनच्या निशाणीवर, एक शिडीवर. साहेब एकेक उचलून दाखवत होता अन् टेबलावरची माणसं हसत होती. म्हणले, तुमच्या गावच्या बायांना लई माया हाय, दोघांना बी नाराज करीत न्हाईत."

शिडीवरचे शिक्के कुणामुळं, ते मला कळलं. पण दुसरे का, ते अजून कळत नव्हतं.

"बाद म्हंजे बादच का?" आई म्हणाली.

"बादच."

"मग आपला शब्द?"

"शब्द म्हंजे शब्द," अण्णा म्हणाले. "मागं ते मागंच. पुन्हा अर्ज भरायचा न्हाई."

आईनं त्यांच्या हातातली टोपी घेतली, नीट घडी घातली आणि पेटीत ठेवली. मला वाटलं होतं तिला आनंद होईल. तिनं पेटीचं झाकण लावलं आणि त्याच्यावर तशीच हात ठेवून उभी राहिली. अण्णा मात्र त्या बाद मतांतून बाहेर पडत नव्हते. जेवताना म्हणाले, "चारदा उभा राहिलो, अन् माझ्याच गावच्या बायांना शिक्का कुठं मारायचा ते शिकवलं न्हाई. पडलो त्याचं काय न्हाई. पर एक्केचाळीस बाया उन्हात रांगेत उभ्या राहिल्या अन् त्यांचं मत कचऱ्यात ग्येलं. हे पाप माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या रांगेत मी रखमाकाकूला गाठलं. "काकू, दोन दोन शिक्के कावून मारले?"

"कावून म्हंजे? एक तुजा, एक बप्पाचा." बप्पा म्हणजे चेअरमनचा गावातला माणूस. टँकर आधी कुठल्या आळीला लावायचा आणि हमीच्या मस्टरवर कुणाचं नाव चढवायचं, हे बप्पाच्या हातात होतं. "तू भंडारा उचलायला लावलास ना, ते त्याला कळलं. तिसऱ्या दिशी तो बी डबा घिऊन आला. म्हणला, तिकडं उचलला तर हिकडं बी उचला."

"मग नाही म्हणायचं होतं!"

"या रांगेत हुबी राहून म्हणतीस व्हय? बोल की त्याला, तिथं बसलाय."

मी आवाज खाली आणला. बप्पा टँकरच्या पायरीवर पान चघळत बसला होता. "पण दोन शिक्के मारले की मत बाद होतं, काकू. अण्णांनी सांगितलं होतं."

"ठावं हाय की. आमी काय येड्या हाव? दोन शपथा झाल्या, एकीला मोडावं तर खंडोबा हाय. म्हणून ठरवलं, दोन्ही पाळायच्या. मत बाद झालं, शपथ बाद न्हाई झाली." तिनं घागर पुढं सरकवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला एक सांगू? अवंदा आमचं शिडीचंच ठरलं होतं. दर टायमाला घरचे बाप्ये सांगत्यात, अवंदा सांगायला घरात कोण व्हतं? बप्पा आपला बायांकडं बघत बी नव्हता. त्यानं एक एक च्या पाजला असता अन् आमी आत जाऊन गुपचूप शिडीवर मारून आलो असतो. तू डबा घिऊन आलीस अन् सगळा बोभाटा केलास."

आता मतदानाला यंत्र आलंय. मागच्या खेपेला नात मला हाताला धरून घेऊन गेली, तेव्हा मी तिथल्या पोराला विचारलं, दोन बटणं दाबली तर काय होतं? तो म्हणाला, "आजी, दुसरं दाबलंच जात नाही." इतकं सोपं असतं तर! टँकरच्या रांगेतून त्या दिवशी मी रिकामी घागर घेऊन घरी आले. आईनं विचारलं, पाणी संपलं का? मी हो म्हणाले. खोटं बोलायची आता सवयच झाली होती.

त्या संध्याकाळी अण्णांनी मला बसवलं. कारखान्याच्या जुन्या जाहिराती होत्या, एका बाजूनं कोऱ्या. त्यांचे तुकडे करून त्यांनी मला प्रत्येकावर तीन निशाण्या काढायला लावल्या. चेअरमनची, माजी चेअरमनची आणि शिडी. पन्नास कागद. त्यांनी स्वतः बाटलीच्या बुचाला कोरून शिक्का केला आणि बशीत निळीचं पाणी. "मी आता उभा राहायचा न्हाई," ते म्हणाले, "पर पुढं कुणी बी राहू दे, बायांची मतं वाया जायला नकोत. उद्या माळावर जाऊन शिकवून येऊ." मी पन्नास शिड्या काढल्या. इतक्या शिड्या काढूनही त्या माणसाला खरं सांगायला मला एक पायरी चढता आली नाही.

माळावर जेवणाच्या सुट्टीत अण्णा दगडावर बसले, चढले नाहीत. सगळ्यांना जवळ बोलावलं. लेकरांना शिकवावं तसं, बसलेल्या आवाजात, अगदी हळू सांगितलं. हा कागद, हा शिक्का, एकाच चित्रावर एकदाच मारायचा, मग अशी घडी. बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं, आणि ते जास्त कठीण होतं. मग एकेक जण पत्र्याच्या आडोशाला जाऊन शिक्का मारून आली आणि कागद घमेल्यात टाकला. सुगंधाबाईनंही टाकला.

अण्णांनी कागद उघडायला सुरुवात केली. पहिला, शिडी. दुसरा, शिडी. घमेलं निम्मं झालं तरी शिडीच, आणि प्रत्येकावर एकच शिक्का, स्वच्छ, मधोमध, घडीत डाग न पडलेला. अण्णांचे हात थांबले.

"तुमाला येतंय की सगळं," ते म्हणाले. "मग त्या दिवशी काय झालं?"

बाया मागं वळून बघायला लागल्या. लांब मस्टरच्या खोपटापाशी बप्पाचा पुतण्या झोपला होता. शेवटी रखमाकाकू हळूच म्हणाली, "बप्पानं भंडारा उचलायला लावला हुता, अण्णा."

"ते असंल. पर मग शिडीवर कावून मारला? एकच शपथ असती तर एकच शिक्का पडला असता." सोसायटीचे सेक्रेटरी होते ते, हिशेब जुळला नाही की त्यांना पुढं जाता येत नसे. "दुसरी कुणी घातली?"

रखमाकाकू जमिनीकडं बघत राहिली. बाकीच्याही. एवढ्या बाया, एरवी एकमेकींची झाकली मूठ दिवसभर उघडी करणाऱ्या, पण माझं नाव एकीनं घेतलं नाही. सुगंधाबाईसुद्धा हातातल्या काडीनं मातीत रेघा मारत बसली.

"मी," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ओरडतील. ते फक्त म्हणाले, "अन् यांनी ऐकलं तुझं?"

"तुमी पाठवलंय म्हणली ती," रखमाकाकू म्हणाली. "न्हाईतर आमी कशाला उचलतोय? तवा आमी आपसांत बोललो बी, की अण्णा कधी असं करीत नव्हते. थकले आता अण्णा."

त्यांना जे लागलं ते हेच. मत गेलं त्यानं नाही, गाव गेलं त्यानं नाही. एवढी वर्षं एक गोष्ट त्यांनी केली नव्हती आणि ती त्यांनी केली असं त्या बाया धरून चालल्या होत्या, आणि तरीही त्यांच्यावर रागावल्या नव्हत्या. नुसती कीव केली होती. अण्णांनी बुचाचा शिक्का धोतराला पुसला. निळा डाग पडला.

"झालं ते झालं," सुगंधाबाई म्हणाली. "आता यांचं सोडवा. ही शपथ कायमची घालून बसलीय. पुढच्या टायमाला पुन्हा दोन शिक्के मारतील येड्या."

"मी पुढच्या टायमाला उभा न्हाई," अण्णा म्हणाले.

"तुमी उभं राहा न्हाईतर बसा. शपथ हाय ती हायच," रखमाकाकू म्हणाली. "जिनं घातली तिनं सुटली म्हणावं लागतंय."

अण्णा मला म्हणाले, "म्हण."

ज्या दगडावर चढून मी क्रांतीची ठिणगी टाकली होती त्याच्याच बाजूला, खंडोबाकडं तोंड करून, मी म्हणाले, "सुटली." रखमाकाकू म्हणाली, "मोठ्यानं म्हण, देवाला ऐकू ग्येलं पायजे." मी पुन्हा म्हणाले. मग त्या उठल्या, हात झटकले आणि आपापल्या खडीच्या ढिगाकडं गेल्या. टिक टिक सुरू झालं.

घरी येताना अण्णा पुढं आणि मी मागं. ओढा कोरडा होता, त्याच्यातूनच वाट होती. अर्ध्यात आल्यावर अण्णा एका दरडीवर बसले, वहाणा काढल्या, तळपाय हातानं चोळत राहिले. मी समोर उभी. मला शिक्षा हवी होती, आणि ते देत नव्हते.

"बाद एक्केचाळीस होती," ते म्हणाले. "मी चौतीसनं मागं."

मी मान हलवली.

"म्हंजे सातनं पुढं होतो."

"हो, अण्णा." आणि मग मला एकदम सगळं सावरायची वाट दिसली, मूर्खांना दिसते तशी. "आपण आईला सांगू! शब्द दोन्हीकडून होता ना? तुम्ही गावात पुढं होतात. ती नाही म्हणणार नाही. मी माझी चूक सांगते तिला, सगळी सांगते, मग तुम्ही पुन्हा..."

"न्हाई."

"पण खरंच पुढं होतात तुम्ही."

"व्हय. ते मला कळलं, तेवढं बास झालं." त्यांनी एक वहाण पायात घातली आणि दुसरी हातात धरून तसेच बसले. "तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, शकू. ती शब्दाची पक्की हाय. मला पुन्हा उभं राहायला लावील."